वाचक विचारतात: सरत्या वर्षातली छोटी सुखं

दिवाळीच्या सुमारास आम्ही वाचकांना विचारलं होतं, की 2025 मध्ये घरबसल्या किंवा गावी जाऊन कशात जीव रमला आणि ते करताना कुठे अडलं. आलेल्या पत्रांत कॅसेट, कॅरम, पॉट आईस्क्रीम, आकाशदर्शन, रेडिओ आणि हुरडा असे सगळेच होते. पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ दमट हवेत किंवा घाईत आहे. दोन्हींवर घरच्या घरी इलाज करता येतो.

प्रश्न: माळ्यावर 1988 ते 1995 या काळातल्या घरच्या कॅसेट सापडल्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बारशाची गाणी. जुना टेपरेकॉर्डर चालू आहे, पण आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका येतो. टेप खराब झाल्या का? संगणकावर कशा घ्यायच्या? (रत्नागिरी)

टेप खराब झाल्या असं इतक्यात मानू नका. पण तपासणी पूर्ण होईपर्यंत आजीची कॅसेट यंत्रात घालूही नका. आधी बाजारातली, गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट लावून पाहा. जुन्या यंत्रांचे रबरी पट्टे चिकट होतात किंवा सैल पडतात. मग गुंडाळणारं चाक ओढ घेत नाही आणि टेप आत गुरफटते. आवाज लहरत असेल, सूर वरखाली होत असेल, तर आधी पट्टा बदलून घ्या.

दबक्या आवाजाचं पहिलं कारण म्हणजे मळलेलं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते आणि जो आवाज वाचतो तो छोटा धातूचा भाग. टेपवरची तपकिरी भुकटी हेडवर साचते. मग टेप आणि हेड यांच्यात केसाएवढी फट पडते आणि सर्वांत आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. अत्तर किंवा हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात तेल आणि ग्लिसरीन असतं. कापसाची काडी ओली करून हेड आडव्या दिशेने पुसा, नंतर त्याच्या शेजारचा पोलादी दांडा. काडी स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहा. काळी रबरी चकती मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. अल्कोहोल पुन्हा पुन्हा लागलं तर रबर कडक होतं. सगळं पुसून झालं की 10 मिनिटं वाळू द्या.

यंत्रावर डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करण्याचं बटण असेल तर ते बंद करा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते बहुधा वापरलेलं नसतं आणि चालू राहिलं तर आवाज विनाकारण दबतो.

इतकं करूनही आवाज उघडला नाही, तर हेडचा कोन पाहा. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यांतल्या ज्याच्याखाली स्प्रिंग असते, तोच फिरवायचा. बऱ्याच यंत्रांत कॅसेट चालू असताना त्याच्यासमोर एक बारीक भोक येतं. आधी स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने नोंदवा. मग चुंबक नसलेल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने, कॅसेट वाजत असताना, पाव फेऱ्याहूनही कमी असा इकडेतिकडे फिरवून पाहा. टाळ, बांगड्यांची किणकिण किंवा बोलण्यातला ‘स’ जिथे सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. घरची कॅसेट ज्या यंत्रावर भरली असेल त्याचा कोन तुमच्या यंत्राशी जुळेलच असं नाही. त्यामुळे प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावं लागतं. या एका स्क्रूने जेवढा फरक पडतो तेवढा संगणकावरच्या कुठल्याही ‘फिल्टर’ने पडत नाही. म्हणून हे काम आधी उरका, संगणकावर घेणं नंतर.

कोकणातला दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि यंत्रात घालू नका, नाहीतर ती हेडवरून दुसऱ्या कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात आठवडाभर ठेवून ती कोरडी होऊ द्या. मग तोंडाला मास्क बांधून, मोकळ्या हवेत, पेन्सिलीने टेप हळूहळू गुंडाळत कोरड्या मऊ कापडातून सरकवा.

कॅसेटचं खोकं तडकलं असेल किंवा हेडसमोरची नमद्याची बारीक गादी गळून पडली असेल, तर पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट घ्या आणि टेप तिच्यात हलवा. खोकं आडवं ठेवूनच उघडा. आतले दोन रूळ आणि पातळ प्लास्टिकचे कागद कुठे होते त्याचा आधी फोटो काढा. टेप तुटली असेल तर दोन्ही टोकं तिरकी, 45 अंशांत कापा, एकमेकांना टेकवा आणि मागच्या, म्हणजे चकचकीत बाजूने स्प्लायसिंग टेप लावा. साधी चिकटपट्टी लावू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद बाजूने पाझरतो आणि वरची गुंडाळी तिला चिकटते. आवाज मध्येच बारीक होऊन उलटा ऐकू यायला लागला, तर टेपला अर्धा पीळ पडला आहे आणि दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग उलटं वाजतंय. खोकं उघडून पीळ काढला की झालं.

संगणकावर घेताना लॅपटॉपच्या एकुलत्या गोल खाचेत वायर खुपसू नका. ती बहुधा माइकची असते, त्यामुळे आवाज फाटतो आणि डावा-उजवा आवाज एकत्र होतो. ‘लाइन इन’ असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपरेकॉर्डरला ‘लाइन आउट’ असेल तर तिथून वायर जोडा. नसेल तर हेडफोनच्या खाचेतून घ्या आणि आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. 44,100 हर्ट्झ, 16 बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-60, म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंची डब्ल्यूएव्ही फाइल साधारण 600 एमबीची होते. ही मूळ फाइल जशीच्या तशी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. खरखर काढायची ती तिच्या नकलेवर, आणि अगदी हलक्या हाताने. ओवीमागची जात्याची घरघर त्या प्रोग्रामला खरखरच वाटते. ती गेली तर ओवीचा अर्धा जीव गेला.

सी-90 पेक्षा लांब कॅसेटची टेप फार पातळ असते. ती वारंवार मागेपुढे पळवू नका. आणि प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडलेत ना, ते पाहा. नसतील तर आजच मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

प्रश्न: कॅरम पावसाळ्यापासून ‘जड’ झालाय. पावडर टाकली तरी सोंगट्या अडतात आणि एका कोपऱ्याकडे ओढ घेतात. नवा बोर्ड घ्यावा का? (डोंबिवली)

थांबा. जडपणा आणि ओढ हे दोन निराळे आजार आहेत.

जडपणा बहुधा पावडरीमुळेच येतो. अंगाला लावायच्या सुवासिक पावडरीतलं तेल दमट हवेत लाकडावर बसतं. वरून आणखी पावडर टाकली की तिचा लेप होतो. सगळी पावडर कोरड्या सुती फडक्याने झटका, मग स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने दाबून पुसा. पाणी अजिबात नको. नंतर कॅरमची बोरिक पावडर घ्या, तीही चिमूटभरच. तळहातावर घेऊन मध्यभागी शिंपडा आणि चार स्ट्राइकर फिरवून पसरवा. बोर्ड पांढरा दिसायला लागला की जास्त झाली. अशा बोर्डावर स्ट्राइकर तरंगतो आणि कटचा अंदाज चुकतो. बोरिक पावडर पोटात जाणं घातक आहे. डबी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका आणि खेळ संपल्यावर सगळ्यांनी हात धुवा.

आता ओढ. बोर्डाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधे फट दिसते का पाहा. दुसऱ्या कर्णावरही तेच करा. फट नसेल तर दोष स्टँडचा आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला आणि पाण्याच्या बाटलीने पातळी तपासा. फट असेल तर प्लायने ओल धरली आहे. आताची कोरडी हवा त्यासाठी उत्तम. फुगलेली बाजू वर करून बोर्ड सपाट जमिनीवर चादरीवर ठेवा. मध्यावर दुमडलेल्या टॉवेलवर 8-10 किलो वजन ठेवा आणि 8-10 दिवस तसाच राहू द्या. उन्हात ठेवू नका, प्लायचे थर सुटतात. थर आधीच सुटले असतील, बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर मात्र दुरुस्ती फुकट आहे. नवा घेताना 8 मिमीपेक्षा पातळ प्लाय घेऊ नका. खेळायची जागा 74 सेंमीच्या आसपास हवी.

सोंगट्याही तपासा. स्पर्धेच्या नियमांत सोंगटीचं वजन 5 ते 5.5 ग्रॅम आणि स्ट्राइकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक सोंगटी नीट मोजता येत नाही. म्हणून नऊच्या नऊ काळ्या एकत्र ठेवा, मग पांढऱ्या. दोन्ही वजनं 45 ते 49.5 ग्रॅममध्ये आणि एकमेकांच्या जवळ आली पाहिजेत. वर्षानुवर्षं दोन संचांतल्या सोंगट्या मिसळलेल्या असतात आणि दोष बोर्डाला लागतो.

पुढच्या पावसाळ्यात बोर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाटामागे, आतल्या भिंतीशी, जवळजवळ उभा आणि चादरीत गुंडाळलेला बरा.

प्रश्न: शाळेच्या आकाशदर्शनात दुर्बिणीतून शनी दाखवला. कडी कुठेच दिसली नाहीत, नुसती एक रेघ. दुर्बीण वाईट होती का? आणि सप्टेंबरच्या ग्रहणाचे मोबाइलवरचे सगळे फोटो पांढरे गोळे आले. (बार्शी)

दुर्बीण चांगली होती, वर्ष तसं होतं. शनीची कडी आपल्याकडे कधी कललेली तर कधी अगदी कड करून असतात. 23 मार्च 2025 ला पृथ्वी त्या कड्यांच्या प्रतलातून गेली. कडी फार पातळ असल्यामुळे वर्षभर रेघेसारखीच दिसली. सुमारे 15 वर्षांनी येणारा हा योग मुलांना पाहायला मिळाला, हे त्यांना जरूर सांगा. आता दरवर्षी कडी थोडी थोडी उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील.

या थंडीत मात्र गुरू पाहा. 10 जानेवारी 2026 ला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो. म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, त्यांच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी. 10x50 ची साधी द्विनेत्री पुरते. 10 म्हणजे दहापट मोठं दिसणं आणि 50 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ‘60 पट झूम’ लिहिलेली स्वस्त द्विनेत्री घेऊ नका. चित्र अंधूक येतं आणि हाताची थरथरही तितकीच पट वाढते. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टिंबासारखा करा. मग डावं झाकून उजव्या भिंगाची कडी फिरवा. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार बारीक ठिपके दिसतील, कधी तीनच. ते त्याचे मोठे चंद्र. रोज एकाच वेळी वहीत त्यांच्या जागा काढा. त्यांतला आयो अवघ्या 42 तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं चित्र वेगळंच असतं. आठ दिवसांची अशी वही म्हणजे सातवी-आठवीच्या मुलासाठी सर्वांत चांगला प्रकल्प, असं आम्हाला मनापासून वाटतं.

फोटोंचं कारण सोपं आहे. मोबाइल काळं आकाश बघून प्रकाश वाढवतो, पण चंद्रावर तर भर दुपारचं ऊन असतं. पौर्णिमेच्या चंद्रासाठी प्रो मोडमध्ये आयएसओ 100 आणि शटर 1/125 ते 1/250 ठेवा. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा आणि उजेडाची खूण खाली ओढा. 7 सप्टेंबरच्या रात्री 11 नंतर चंद्र पूर्ण सावलीत तांबडा होता, तेव्हा मात्र उलट करायला हवं होतं: आयएसओ 800 ते 1600, शटर 1 ते 2 सेकंद, मोबाइल स्टँडवर आणि बटणाऐवजी टायमर. 3 मार्च 2026 च्या चंद्रग्रहणाची फार आशा धरू नका. महाराष्ट्रात चंद्र उगवेल तेव्हा खग्रास स्थिती संपलेली असेल. विदर्भात थोडा वेळ चंद्राचा कोपरा ग्रासलेला दिसेल, मुंबई-कोकणात जवळजवळ काही नाही.

प्रश्न: मे महिन्यात हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आंब्याचं आईस्क्रीम केलं. एकदा लोण्याचे कण आले, एकदा बर्फासारखं कचकचीत झालं, एकदा खारट. (सांगली)

तीन वेळा तीन निराळ्या चुका झाल्या आहेत.

लोण्याचे कण येतात ते मिश्रण कोमट असताना जोरात फिरवल्यामुळे. ते चक्क घुसळणं होतं. दूध आदल्या रात्री आटवून फ्रीजमध्ये ठेवा. 1 लिटर म्हशीचं दूध 750 मिलीपर्यंत आटवा, गरम असतानाच 150 ग्रॅम साखर विरघळवा, गार झाल्यावर 200 मिली क्रीम घाला. 400 ग्रॅम हापूसचा रस दुसऱ्या दिवशी, पॉट भरताना, गारच घाला. गरम दुधात रस घातला की दूध फाटतं. चव घेताना ‘जरा जास्तच गोड’ वाटलं पाहिजे, कारण गारव्यात जिभेला गोडी कमी कळते.

कचकचीत होण्यामागे दोन कारणं असतात: साखर कमी पडणं किंवा मिश्रण फार सावकाश गोठणं. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात. 2 लिटरच्या पॉटला 5 किलो फोडलेला बर्फ आणि सव्वा किलो जाडं मीठ लागतं. बारीक मीठ लगेच विरघळून खाली बसतं. चार बोटं बर्फ, वर मूठभर मीठ, असे थर द्या. डबा दोन-तृतीयांशच भरा, फिरवताना हवा मिसळून मिश्रण वाढतं. पहिली 10 मिनिटं सावकाश, मग हँडल जड होऊ लागलं की भराभर. 25 ते 35 मिनिटांत हँडल फिरेनासं होतं. मीठ वाढवून घाई करू नका. डब्याच्या कडेला दगडासारखा थर बसतो आणि मधलं पातळच राहतं.

खारटपणा झाकणातून येतो. बादलीच्या बाजूचं भोक बर्फाने बुजलं की खारं पाणी वर चढून झाकणाच्या सांध्यातून आत शिरतं. मधूनमधून काडीने भोक मोकळं करा. उघडण्याआधी झाकणाभोवतीचा बर्फ काढून ओल्या फडक्याने पुसा. पंखा काढल्यावर झाकण लावून, झाकणाचं भोक बंद करून, नवा बर्फ-मीठ भरा आणि गोणपाटाने झाकून दीड तास ठेवा. घाईची खरी शिक्षा इथेच मिळते. लगेच वाढलेलं आईस्क्रीम वाटीत येताच पातळ होतं.

याच पद्धतीने सीताफळाचं करायचं असेल तर गर कधीही शिजवू नका, कडू होतो. पॉट बंद करायच्या आधी पाच मिनिटं घाला.

प्रश्न: रेडिओवर मीडियम वेव्ह लावली की संध्याकाळी घुर्र आवाज येतो. दुपारी नसतो. (अकोला)

संध्याकाळी घरातले एलईडी दिवे आणि चार्जर चालू होतात. रेडिओ सेलवर चालवा आणि एक एक दिवा बंद करत चला, दोषी लगेच सापडेल. मग रेडिओ जागेवरच हळूहळू गोल फिरवा. मीडियम वेव्हचा अँटेना आतल्या फेराइटच्या कांडीत असतो आणि त्याला दिशा असते. वरची दांडी लांब करून इथे उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी.

प्रश्न: पुण्यात पाकिटातला हुरडा आणतो. घरी भाजला की कडक होतो. शेतावरची चव येत नाही. जानेवारीत गावी पार्टी करायची आहे, तिचंही सांगा. (पुणे)

कणीस तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होत जाते आणि ओलावाही उडतो. त्यामुळे पाकिटातला हुरडा त्याच दिवशीचा असेल तरच घ्या. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त टाकू नका. तीन मिनिटं परता, एक मोठा चमचा पाणी शिंपडा, मिनिटभर झाकण ठेवा, उतरवा. मीठ शेवटी. कडक होतो तो पाण्याचा हबका न दिल्याने किंवा आच लहान ठेवून फार वेळ भाजल्याने. उरलेला पातळ थरात पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट तव्यावर टाका.

शेतावर सगळं अवलंबून असतं कणसाच्या वेळेवर. दाणा नखाने दाबा. दूध उडालं तर अजून चार-पाच दिवस आहेत. मऊ कणकेसारखा दबला आणि हिरवा असेल तर आजच. पांढरट आणि टणक लागला तर वेळ गेली. ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते, म्हणून पार्टीची तारीख शेतकऱ्याला विचारून ठरवा, सुट्टी बघून नाही. गुळभेंडी, सुरती या जुन्या वाणांचा दाणा बोंडातून सहज सुटतो. फुले उत्तरा, फुले मधुर, परभणी वसंत हे खास हुरड्याचे वाण. भाकरीच्या ज्वारीचं कणीस भाजलं तर कोंडा सुटत नाही आणि घशात टोचतो.

आगटीसाठी हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा करा. वाळलेल्या गोवऱ्या पेटवा, पण रॉकेल नको, त्याचा वास कणसाला लागतो. जाळ पूर्ण विझून लालभडक निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की कणसं आत खुपसा. दोन-तीन मिनिटं, एकदा फिरवून. ज्वाळा असताना भाजलं तर बोंडं करपतात आणि दाणा आत कच्चा राहतो. कणीस गरम असतानाच पोत्याच्या तुकड्यात धरून चोळा आणि सुपात पाखडा. गार झालं की दाणे बोंडांना चिकटून बसतात. एका आगटीवर एकाने भाजायचं आणि दोघांनी चोळायचं, म्हणजे पाच-सहा जणांच्या पंगतीला खंड पडत नाही.

सोबत शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटलेली हवी: वाटीभर भाजलेले दाणे, 10-12 लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ. दाण्याला तेल सुटेपर्यंत वाटायची. मिक्सरवर करायची असेल तर थांबून थांबून फिरवा. दही, गूळ, बोरं आणि रेवड्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, कारण एकदा आगटी पेटली की तिथून उठून जायला कोणी तयार होत नाही.